कोकणची काळी वाळू, समुद्रतळाचे गोटे आणि अंटार्क्टिका: खनिज सापडलं म्हणजे खाण होते का?

पुळणकर (धागाकर्ता)

आमच्या घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. रत्नागिरीच्या काळ्या वाळूत म्हणे लाखो कोटींचं थोरियम (अणुइंधनाला चालणारा धातू) आहे, अंटार्क्टिकात त्याहून जास्त काहीतरी आहे आणि सरकार झोपलंय. खाली नेहमीप्रमाणे "शंभर जणांना पाठवा". काका, भाचे, सगळ्यांनी अंगठे दिलेत. तिथे वाद घालत बसण्यापेक्षा इथे नीट लिहू म्हटलं, जाणकारांनी भर घालावी.

काळी वाळू आहे, हे खरंच. काळबादेवी, मिऱ्या, नेवरे, मालगुंड, खाली पूर्णगडपर्यंत. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी पावसाळा ओसरताना पुळणीवर जावं, एरवी जी पांढुरकी मऊ वाळू असते तिच्या जागी काळे पट्टे दिसतात. करवंटीत मूठभर वाळू घ्या, समुद्राचं पाणी घाला आणि गोल गोल फिरवत काठावरून हळूहळू सांडा, शिंपल्यांचा चुरा आणि हलके कण निघून जातात आणि तळाशी काळं, जड, चकचकीत असं काहीतरी उरतं. ते वाळवून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक त्यावर फिरवलं की काही कण टुणकन चिकटतात (हे मॅग्नेटाइट) आणि बरेचसे साध्या चुंबकाला दादच देत नाहीत, त्यात इल्मेनाइट असतं. इल्मेनाइट म्हणजे लोखंड आणि टायटॅनियमचं ऑक्साइड. त्याचं विशिष्ट गुरुत्व 4.7 च्या आसपास, साध्या गारेच्या वाळूचं 2.65. त्यामुळे पावसाळ्यातल्या लाटा हलकी वाळू उचलून आत समुद्रात नेतात आणि जड माल किनाऱ्यावरच मागे राहतो, दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की हलकी वाळू परत येते आणि काळे पट्टे झाकले जातात. समुद्र फुकटात वाळू पाखडून देतो, बाकी काही नाही.

या इल्मेनाइटपासून टायटॅनियम डायॉक्साइड करतात, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात, कागदात, टूथपेस्टमधे असतं ते. विमानाच्या भागांना लागणारा टायटॅनियम धातूही यातूनच. म्हणजे माल कामाचा आहे. मग काढत का नाहीत, हा प्रश्न मला फॉरवर्डपेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटतो. चर्चा करा.

गजालीकार

मस्त धागा. पण थोरियमचा काय ता सांगूक नाय तुमी! आमच्या शिरोड्याकडे पण लोक हेच बोलतत. केरळात जर निघता तर कोकणात का नाय, किनारो तर एकच मरे?

बसाल्ट_बाबा

@गजालीकार, किनारा एक असला तरी मागचा डोंगर एक नाही, सगळी गोम तिथेच आहे. वाळू म्हणजे मागच्या डोंगराचा झिजलेला माल. थोरियम ज्या मोनाझाइटमधे असतं ते खनिज ग्रॅनाइट आणि फार जुन्या रूपांतरित खडकांत तयार होतं. केरळात कोल्लमजवळ चवरा, तामिळनाडूत मणवालाकुरिची, ओडिशात छत्रपूर, या सगळ्यांच्या पाठीशी तसलेच खडक आहेत. रत्नागिरीच्या पाठीशी काय आहे? सह्याद्री, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. बसाल्टमधे मॅग्नेटाइट-इल्मेनाइट भरपूर, मोनाझाइटच्या नावाने शंख. बसाल्ट कुजून जांभा झाला, काजळी, शास्त्री, मुचकुंदी या नद्यांनी माल खाली आणला आणि लाटांनी पाखडला. त्यामुळे रत्नागिरीच्या वाळूत थोरियमचं घबाड शोधणं म्हणजे आंब्याच्या झाडाखाली काजू वेचण्यातला प्रकार.

तुमच्या दक्षिण सिंधुदुर्गात मात्र खडक बदलतो. रेडीचं लोहखनिज बसाल्टातलं नाही, त्याहून कितीतरी जुन्या, धारवाडी खडकांतलं आहे, गोव्याच्या खाणींच्याच कुळातलं. म्हणून "कोकण" म्हणून सरसकट विधान करू नये.

आणि इल्मेनाइट-इल्मेनाइटमधेही फरक असतो. सूत्राप्रमाणे शुद्ध इल्मेनाइटमधे टायटॅनियम डायॉक्साइड साडेबावन्न टक्क्यांच्या आसपास बसतं. चवऱ्याच्या वाळूत हजारो वर्षांच्या झिजेने लोखंड निघून गेलंय त्यामुळे तिथे ते 60 टक्क्यांपर्यंत जातं, कारखानदारांना तोच माल आवडतो. आपल्याकडे कण ताजे आणि मॅग्नेटाइटशी जुळलेले. वेगळे करायचा खर्च वाढतो.

चिकित्सक

म्हणजे थोडक्यात माल आहे पण परवडत नाही. मग एवढी वर्षं सर्व्हे कसले करतात? NIO वाले, GSI वाले, सगळे बोटी घेऊन फिरतात, पगार चालू. सॉरी पण स्पष्ट बोलतो.

पुळणकर

@चिकित्सक, परवडत नाही हे कळलं कशामुळे? सर्व्हेमुळेच ना. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (NIO, 1966 ची) आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण (GSI) यांनी नुसती पुळण नाही तर काळबादेवी, मिऱ्या, रत्नागिरी या उपसागरांचा तळही तपासलाय. कारण असं की साधारण 20 हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात असताना समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. किनारा तेव्हा कुठल्या कुठे पश्चिमेला होता, आजच्या उपसागरांच्या जागी नद्या वाहत होत्या. त्या बुडालेल्या पात्रांत आणि जुन्या पुळणींतही जड खनिजं साठलेली असू शकतात. मुंबईसमोर तर "फिफ्टी फॅदम फ्लॅट" नावाची अख्खी सपाटी आहे समुद्रात, पन्नास वाव म्हणजे साधारण 90 मीटर खोलीवर, चुनखडीची. आज तिथे ट्रॉलर फिरतात. पाणी ध्रुवांवर आणि उत्तरेकडच्या खंडांवर बर्फ होऊन बसलं म्हणून किनारा तिकडे होता, बर्फ वितळलं म्हणून इकडे आला. म्हणून एकाच धाग्यात किनारा आणि अंटार्क्टिका दोन्ही घेतले, मला वेगळे करताच येईनात.

कायद्याचंही सांगतो. 2019 मधे केंद्राने किनाऱ्यावरच्या वाळूतल्या या खनिजांतून खासगी कंपन्यांना बाहेर काढलं, आता काम फक्त सरकारी कंपन्यांचं. वर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या कामांवर निर्बंध घालणारे नियम, आहेतच. म्हणजे उद्या भाव वाढला तरी कोणी फावडं घेऊन उठावं असं नाही.

सड्यावरची

बर्फाचा विषय निघाला म्हणून लिहिते, एरवी वाचनमात्र असते. वास्कोला हेडलँड सड्यावर ध्रुवीय संशोधन केंद्र आहे ना (1998 चं, आधी एनसीएओआर म्हणायचे, 2018 पासून एनसीपीओआर), तिथे मी लग्नाआधी आइस कोअरच्या (बर्फात ड्रिल करून काढलेल्या लांब कांडीच्या) प्रोजेक्टवर होते. लोकांना वाटतं अंटार्क्टिकाचा अभ्यास म्हणजे पेंग्विन बघत बसणे. आमचं काम उणे वीस डिग्रीच्या खोलीत. बाहेर मे महिन्याचा गोवा, अंगाची लाही, आणि आत जायचं तर जाड पार्का, दोन-दोन हातमोजे, बूट, टोपी. आत बँड सॉवर बर्फाची कांडी कापायची. वरचं साल आधी काढून टाकायचं कारण ड्रिलचा, हाताचा मळ तिथे लागलेला असतो, मधला गाभा तेवढा खरा. एक बारीक तुकडा ऑक्सिजनच्या आयसोटोपला, एक धुळीला, एक क्षारांना. पेन चालत नाही, शाई गोठते, पेन्सिलीने लिहायचं आणि हातमोज्यातून आलेलं अक्षर नंतर आपलं आपल्यालाच लागत नाही.

सल्फेटचा आकडा कुठे एकदम वर गेला की सगळे खूश, कारण तो ज्वालामुखी असतो. 1815 चा तांबोरा, 1883 चा क्राकाताऊ, यांची राख-गंधक जगभर पसरून त्या त्या वर्षीच्या बर्फात बसलेलं असतं. ती खूण सापडली की कांडीला तारीख मिळते, मग मधली वर्षं मोजता येतात. तापमान कधी चढलं, वारे कधी बदलले, धूळ कधी जास्त आली हे त्यावरून.

तर मुद्दा असा, की मी तिथे असताना नातेवाईक विचारायचे "सोनं बिनं सापडलं का गं?" आणि मी म्हणायचे "हवा सापडली". खरंच, बर्फात अडकलेले जुन्या हवेचे बुडबुडे. त्यांना वाटायचं मी चेष्टा करते.

चिकित्सक

@सड्यावरची, ताई छान लिहिलंत. पण प्रश्न उरतोच. अंटार्क्टिकात कोळसा आहे, लोखंड आहे असं मीच शाळेत वाचलंय. 2048 मधे खाणबंदी उठणार म्हणतात, म्हणून सगळे देश तिथे तळ ठोकून जागा धरून बसलेत. आपण तिथे मैत्री, भारती ही केंद्रं काढली ती त्यासाठीच ना? उगाच विज्ञान विज्ञान कशाला म्हणायचं.

बसाल्ट_बाबा

हे 2048 प्रकरण दर दोन महिन्यांनी कुठे ना कुठे उगवतं.

1959 चा अंटार्क्टिक करार, त्यात आपण 1983 मधे आलो आणि त्याच वर्षी मताधिकार असलेले सल्लागार सदस्य झालो. 1988 मधे खाणींचं नियमन करणारा एक करार तयार झाला होता, तो अमलातच आला नाही. त्याऐवजी 1991 चा माद्रिद प्रोटोकॉल आला, 1998 पासून लागू. त्यातलं सातवं कलम एका ओळीचं आहे, खनिजांसंबंधी संशोधन सोडून बाकी काहीही करायला बंदी. याला मुदत नाही! 1998 पासून 50 वर्षं झाली की मताधिकार असलेला कुठलाही देश फेरविचार परिषद मागू शकतो, एवढंच. मागितली म्हणजे बंदी उठली असं नाही, उठवायची तर नियम बरेच कडक आहेत आणि खाणींची दुसरी बंधनकारक व्यवस्था आधी तयार हवी. आपणही 2022 मधे स्वतःचा अंटार्क्टिक कायदा केलाय, त्यातही हीच बंदी.

कोळसा आहे हे खरं, ट्रान्सअंटार्क्टिक डोंगरांत, ध्रुवीय मोहिमा काढणाऱ्या शॅकल्टनच्या लोकांनी 1908 मधेच पाहिला. प्रिन्स चार्ल्स पर्वतात लोखंड आहे. पण खंडाचा अर्धा टक्काही खडक उघडा नाही, बाकी सगळं बर्फाखाली, आणि त्या बर्फाची सरासरी जाडी दोन किलोमीटर. ते उकरून जहाजापर्यंत कोण आणणार, जिथे जहाज वर्षातले जेमतेम काही महिने पोचतं?

मग भूवैज्ञानिक तिथे करतात काय? जीएसआयची माणसं पहिल्या मोहिमेपासून जातायत. शिर्माकर ओअॅसिस (मैत्री तिथे आहे, 1989 पासून) आणि दक्षिणेकडचे वोल्टाट डोंगर यांचे नकाशे त्यांनी पायी फिरून केलेत. भारती 2012 चं, ते लार्समान टेकड्यांवर, मैत्रीपासून तीनेक हजार किलोमीटर पूर्वेला. तिथले खडक आणि आपले पूर्व घाट एकेकाळी एकमेकांना लागून होते, गोंडवन नावाच्या जुन्या अखंड भूखंडात. आंध्र-ओडिशाच्या डोंगरातला एखादा पट्टा समुद्रापाशी तुटतो तो पुढे तिकडे सापडतो. इथलं खनिज कसं बनलं हे तिकडे जाऊन कळतं, त्यासाठी तिकडे खोदावं लागत नाही.

खलाशी_रिटायर्ड

उशिरा पोचलो धाग्यावर. बाबांनी बरोबर लिहिलंय. एक जुनी गोष्ट जोडतो, नवीन पोरांना माहीत नसते. 1981 सालात दोन गोष्टी झाल्या आणि दोन्हींचा गोव्याशी संबंध. 26 जानेवारीला "गवेषणी" जहाजाने अरबी समुद्राच्या तळातून पहिला बहुधात्विक (बरेच धातू असलेला) गोटा वर काढला. आणि 6 डिसेंबरला मुरगावहून "पोलर सर्कल" नावाचं नॉर्वेजियन जहाज 21 माणसं घेऊन निघालं, 9 जानेवारी 1982 ला अंटार्क्टिकावर उतरलं, म्होरके डॉ. कासिम, त्याआधी ते दोना पावलाच्या संस्थेचे संचालक होते. म्हणजे खोल समुद्र आणि ध्रुव ही दोन्ही कामं आपल्याकडे एकाच घरात वाढली.

मी नंतरच्या काळात दुसऱ्या एका रिसर्च जहाजावर इंजिनरूमला होतो, मध्य हिंदी महासागरात गोट्यांच्या सर्व्हेवर. ते काम कसं चालायचं सांगतो. फ्री फॉल ग्रॅब म्हणून एक सांगाडा असतो, त्याला दोरी नाही काही नाही, वजनं लावून पाण्यात सोडून द्यायचा. पाच किलोमीटर खाली जातो, तळाला टेकला की जबडा मिटतो, वजनं सुटतात आणि काचेच्या पोकळ गोळ्यांच्या जोरावर आपला आपण वर येतो. यात काही तास जातात. मग शोधा! वर झेंडा असतो, रात्री लुकलुकणारा दिवा असतो, सगळे कठड्याला डोळे लावून उभे, ज्याला पहिला दिसेल त्याला चहा. समुद्र खवळलेला असला की दिवा लाटेआड जातो आणि पुन्हा दिसतच नाही बराच वेळ. वर काढला की जाळीत काळे खडबडीत गोटे, हातात घेतले की बोटं काळी होतात. कापला तर आत गोल गोल थर आणि मधोमध कधी खडकाचा कपचा तर कधी शार्कचा दात. लाखो वर्षांत काही मिलिमीटर वाढतो म्हणे तो. मी एक दात बराच वेळ हातात धरून बसलो होतो, नंतर शास्त्रज्ञांनी काढून घेतला, सॅम्पल आहे म्हणून. बरोबरच आहे त्यांचं.

गजालीकार

काका जबरी! पण ते गोटे मगे काढले कित्याक नाय? त्यात निकेल-कोबाल्ट असता ना, बॅटरीचा.

खलाशी_रिटायर्ड

असतं ना. 1987 मधे भारताला पायोनियर इन्व्हेस्टर (या कामात आधी उतरलेला देश) म्हणून दीड लाख चौरस किलोमीटर समुद्रतळ मिळालं, त्यातलं चांगलं निवडून 75 हजार ठेवलं, 2002 मधे आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी (जमैकात किंग्स्टनला ऑफिस) करार झाला. सरकारी आकडा 38 कोटी टन गोट्यांचा आहे, त्यात मँगनीज सव्वानऊ कोटी टन, निकेल 47 लाख, तांबं 43 लाख, कोबाल्ट साडेपाच लाख. पण करार शोधायचा आहे, काढायचा नाही. काढायचे नियम त्या प्राधिकरणात अजून ठरतच आहेत. चेन्नईच्या एनआयओटीने (राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था) 2021 मधे "वराह" नावाचं तळावर चालणारं यंत्र 5270 मीटरवर चालवून दाखवलं, म्हणजे जमत नाही असं नाही.

अडचण गाळाची. गोटे अगदी मऊ गाळावर पडलेले असतात, यंत्र फिरलं की गाळ उठतो. दोना पावलाच्या लोकांनी 1997 मधे मुद्दाम तळाचा एक पट्टा ढवळला आणि पुढे अनेक वर्षं तिथे जाऊन कोणते जीव परतले, कोणते नाही ते पाहिलं. जर्मनांनी पेरूच्या समुद्रात 1989 मधे नांगरलेला तळ 2015 मधे जाऊन पाहिला तर नांगराचे चर तसेच्या तसे. 26 वर्षांत समुद्राला साधे चर बुजवता आले नाहीत तिथे.

मिऱ्याची_मुलगी

सगळं वाचलं. आता घरचं बोलते. आमच्याकडे दर पावसाळ्यात समुद्र आत येतो, माड गेले, बंधारा घातला तो खचला, परत घातला, कोणाचं काम होतं ते लिहीत नाही. आणि लोक सहज बोलतात की वाळूत एवढं आहे तर काढा. काळी वाळू काढली तर आमचं अंगण कुठे जाईल हे कोणी सांगेल का? की त्याचाही सर्व्हे नंतर?

पुळणकर

@मिऱ्याची_मुलगी, धागा काढला तो याच प्रश्नासाठी. वर लिहिलंय ना, पावसाळ्यात हलकी वाळू आत जाते आणि जड मागे राहते. म्हणजे ज्या महिन्यांत लाटांचा मार सगळ्यात जास्त तेव्हा पुळणीवर जे टिकून असतं त्यात ही काळी वाळू असते. ती उचलली तर त्या जागी लगेच भरून काय येणार, हा हिशोब उपसागरागणिक वेगळा. काळबादेवीला दोन्ही बाजूंनी डोंगराची टोकं आहेत, वाळू बऱ्यापैकी आतल्या आत फिरते. मिऱ्याचं तसं नाही, शेजारी मिरकरवाड्याचं बंदर, बंधारे, जेट्या, वाळूची वाट आधीच बदललेली. किनाऱ्यांचा सरकारी अभ्यास आहे 1990 ते 2018 चा, उपग्रहाच्या चित्रांवरून, त्यात देशाचा जवळपास 34 टक्के किनारा झिजतोय असं आलंय. पण उपग्रहाला किनारारेषा दिसते, पुळणीची जाडी दिसत नाही. दर महिन्याला वाळू किती उतरली आणि किती चढली याची जागेवरची मोजणी असल्याशिवाय कोणी "काही होत नाही, काढा" म्हणालं तर मी तरी विश्वास ठेवणार नाही, मग तो शास्त्रज्ञ असो की आमदार.

बसाल्ट_बाबा

+१. गोव्यात 2012 मधे खाणी बंद झाल्या, 2018 मधे सुप्रीम कोर्टाने 88 लीज रद्द केल्या, ते सगळं खोदून झाल्यावर, शेतात लाल चिखल आल्यावर. तिथे आधीची मोजमापं किती होती कोण जाणे.

मिऱ्याची_मुलगी

मोजणी आम्ही करू शकतो का? मशिनं कुठून आणणार? आमच्याकडे कॉलेजची मुलं आहेत, उत्साह आहे, पैसे नाहीत.

पुळणकर

मशीन नकोच. एमरी नावाच्या माणसाने 1961 मधे काढलेली पद्धत आहे, अजून जगभर वापरतात. दीड-दीड मीटरचे दोन सरळ बांबू घ्या, वरून खाली सेंटिमीटरच्या खुणा करा, दोन्हींमधे ठराविक लांबीची दोरी ठेवा, दोन मीटर धरा. सुरुवात पक्क्या जागेपासून, देवळाचा चौथरा किंवा विहिरीचा कठडा, बंधारा नको कारण तोच खचतो. एकाने वरच्या बाजूला बांबू धरायचा, दुसऱ्याने दोरी ताणून समुद्राच्या बाजूला. वरच्याने पुढच्या बांबूचं टोक आणि क्षितिज एका रेषेत आणायचं, ती नजर आपल्या बांबूला वरून किती सेंटिमीटरवर कापते ते वाचायचं. तेवढा उतार. चढ लागला तर पुढच्या बांबूवर वाचायचं. लिहायचं, पुढे सरकायचं, पाण्यापर्यंत. उधाणाच्या दिवशी पूर्ण सुकती असताना करा म्हणजे जास्त पुळण उघडी मिळते, आणि दर महिन्याला त्याच जागेवरून त्याच दिशेने. क्षितिज स्वच्छ दिसायला हवं, धुकट असेल तर तो दिवस सोडून द्या.

भर पावसाळ्यात जमणार नाही पण मेअखेरीची एक आणि सप्टेंबरची एक काहीही करून घ्या. वहीचे फोटो इथे टाकलेत तर आलेख मी काढून देतो. आणि प्रत्येक मोजणीला काळ्या पट्ट्याची रुंदीही लिहा, फॉरवर्डवाल्या काकांना दाखवायला उपयोगी पडेल.

गजालीकार

बांबू आमच्याकडसून घेवन जावा, घराच्या मागच्या बेटात व्हये तितके आसत. शिरोड्याकपण करूया काय एक लाइन?